'ठीक आहे' म्हणणाऱ्यांची अपिलं

लष्करातून सुटून आलेल्या माणसाला "तब्येत कशी आहे" असं कधी विचारून बघा. तो "ठीक आहे" म्हणेल. पाय लाकडाचा असला तरी ठीक आहे, एका डोळ्याने दिसत नसलं तरी ठीक आहे. या दोन शब्दांनी माझ्या नोकरीतली उमेदीची वर्षं खाल्ली, असं म्हटलं तर ते फारसं खोटं होणार नाही.

मी नागपुरात माजी सैनिकांसाठी असलेल्या एका सरकारी ऑफिसात कारकून होते. आमचं घराणं विणकरांचं. वडील, काका सगळे मागावर बसायचे. मागाचे दिवस भरत आले हे वडिलांना दिसत होतं, म्हणून त्यांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं. तिकडे पाय चालवायचे, इकडे बोटं चालवायची, एवढाच फरक असं ते म्हणत. लष्कराशी आमच्या घरात कोणाचा कधी संबंध आला नव्हता. तरी ऑफिसात लागल्यावर थोड्याच दिवसांत अपिलांचं टेबल माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कोणालाच नको होतं. सगळे मला धकातेबाई म्हणत, किंवा नुसतं बाई.

हे अपील म्हणजे काय ते आधी सांगते, कारण लग्नानंतर कितीतरी वर्षं माझ्या नवऱ्यालाही ते कळलं नव्हतं. मी कोर्टात कामाला आहे असं तो पाहुण्यांना सांगायचा.

शिपाई नोकरीत आजारी पडला किंवा जखमी झाला आणि लष्कराच्या कामाचा राहिला नाही, की त्याला घरी पाठवण्याआधी डॉक्टरांचं एक बोर्ड तपासतं. बोर्ड दोन प्रश्नांची उत्तरं लिहितं. शरीराचं किती नुकसान झालं, हा पहिला. ते टक्क्यांत लिहायचं. दुसरा प्रश्न असा, की हे नुकसान नोकरीमुळे झालं का, किंवा नोकरीमुळे वाढलं का. टक्के वीस किंवा त्याहून जास्त असले आणि दुसऱ्याचं उत्तर 'हो' असलं, तर अपंगत्वाची पेन्शन मिळते. उत्तर 'नाही' आलं, तर माणूस आपला आजार घेऊन आपल्या गावी जातो. मग ठरलेल्या मुदतीत त्याला दिल्लीला अपील करता येतं, की साहेब, हा आजार मी घरून नेला नव्हता, तो तुमच्याकडे झाला. ते अपील मी लिहीत असे. पुरावे जमवायचे, इंग्रजीत अर्ज टाइप करायचा आणि वाट पाहायची. त्यातलं वाट पाहणं सगळ्यात जास्त चाले.

टक्क्यांनी फार गंमती केल्या. एका लान्स नायकाचे टक्के फेरतपासणीत चाळिसांवरून साठांवर गेले, म्हणजे बिचाऱ्याचा हात आणखी निकामी झाला होता. त्याची आई ऑफिसात पेढे घेऊन आली. शाळेत त्याला साठ टक्के कधी पडले नव्हते, असं तिने आनंदाने सांगितलं. आम्ही पेढे खाल्ले. न खाऊन काय करणार?

पण खरी अडचण त्या 'ठीक आहे'ची होती. एका हवालदाराचा गुडघा गेला होता. जिना चढायचा तर कठड्याला लोंबकळत चढायचा. फेरतपासणीच्या दिवशी हा पठ्ठ्या दाढी घोटून, बूट चमकावून गेला आणि समोर तीन अधिकारी बसलेले पाहताच जमिनीवर पाय आपटून असा कडक सलाम ठोकला, की बोर्डाने लिहून टाकलं, गुडघ्यात लक्षणीय सुधारणा. बाहेर येऊन तो खाली बसला तो उठेचना. सायकलरिक्षात घालून आणावा लागला. मी त्याच्यावर ओरडले तेव्हा म्हणाला, "बाई, साहेबासमोर लंगडत जाऊ का?"

तेव्हापासून मी तालीम सुरू केली. व्हरांड्यात खुर्ची टाकून मी डॉक्टर होत असे आणि समोरच्याला विचारत असे, कुठे दुखतं? 'ठीक आहे' म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. खोटं बोलायला मी कोणाला कधी शिकवलं नाही. जे दुखतंय ते दुखतंय म्हणा, एवढंच शिकवत होते, आणि तेवढ्यात माझा घसा बसत असे. आमचे साहेब निवृत्त मेजर होते, साताऱ्याकडचे. ते आपल्या खोलीतून ऐकत आणि म्हणत, "बाई, आम्ही वर्षानुवर्षं खपून यांना जे शिकवलं ते तुम्ही अर्ध्या तासात विसरायला लावताय."

सगळी अपिलं जिंकली असं नाही. दम्याचा एक नायक होता. त्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला, पण निकाल आला तेव्हा तो राहिला नव्हता. ते पत्र मी त्याच्या भावाच्या हातात दिलं. अशी आणखीही आहेत. पण दिवाळी अंकात लिहायचं तर मला सुदाम तितरमारेचं प्रकरण लिहावंसं वाटतं.

ते माझ्याकडे आलं ते सुदाममुळे नाही, त्याच्या सासऱ्यामुळे. एकाहत्तरची लढाई होऊन गेली होती. एक दिवस एक म्हातारा शेतकरी टेबलासमोर येऊन उभा राहिला. कुही तालुक्यातला, धानाची शेती करणारा. बसा म्हटलं तरी बसेना.

"बाई, जावई फौजीत होता. त्याले मिरगी येते म्हणून घरी पाठवलं," तो म्हणाला. "आता सरकारचा कागद आला. मास्तरनं वाचला. मास्तर म्हणे, मिरगी फौजीतली नाही, अंगातलीच आहे म्हणून लिहून आलं. अंगातली म्हणजे रक्तातली का जी?"

मी प्रकरण काढून पाहिलं. सुदामला नोकरीत झटके येऊ लागले होते. बोर्डाला कारण सापडलं नव्हतं, आणि कारण सापडलं नाही की डॉक्टर एक ठरलेलं वाक्य लिहीत: आजार शरीराच्या मूळ प्रकृतीतला, नोकरीशी संबंध नाही. ऑफिसात आम्ही हे वाक्य इतक्यांदा वाचायचो, की त्याचं आम्हाला काही वाटत नसे. गावात मात्र त्याचा अर्थ तितरमारेंच्या घराण्यात मिरगी आहे असा झाला होता.

"मी वाईट माणूस नाही, बाई," म्हातारा म्हणाला. "जावई सोन्यासारखा आहे. पण पोट्टीले दिवस गेले. उद्या लेकराले झालं तर ते जन्मभर काय करीन? म्हणून मी तिले घरी घेऊन आलो. रक्तातलं नसन तर मी सोता गाडी जुपून पोचवून देतो. रक्तातलं असन तर फारकत घेतो. तुमी एकच सांगा."

त्याच्यावर मला राग आला होता, हे खरं. पण तो माणूस लोभी नव्हता, दुष्ट नव्हता, घाबरलेला होता. त्याच्या जागी माझे वडील असते तर त्यांनीही हेच केलं असतं, हे कळत होतं आणि त्याचाही राग येत होता. मला माहीत नाही, एवढंच मी त्याला सांगू शकले. अपिलाचा निकाल लागेपर्यंत काही करू नका, असं मात्र त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

मग सुदामला बोलावून घेतलं. उंच, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट. अपील करायचं त्याच्या मनातही नव्हतं, मुदत सरत आली होती.

"झटके कधी येतात?"

"येते कधीमधी. ठीक आहे जी."

"घरात आणखी कोणाला?"

"कोणालेच नाही."

"डोक्याला कधी मार लागला होता?"

"नाही जी." हे उत्तर जरा जास्तच लवकर आलं.

"बायको परत यावी असं वाटतं की नाही?"

तो खिडकीबाहेर पाहायला लागला. "तिच्या बाबाचं बरोबर आहे," म्हणाला. "लेकराचं पाहिलं पाहिजे."

मी फाइल आपटली. आपल्या बायकोसाठी ज्याला एक वाक्य धड बोलता येत नाही, त्याच्यासाठी मी दिल्लीशी का भांडावं, असं मला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात त्याची बायको आली. सुमन तिचं नाव. दवाखान्यात दाखवायचं निमित्त करून मावशीबरोबर नागपूरला आली होती. लहानखुरी, पोट दिसायला लागलेलं, आणि बोलायला एकदम चटपटीत. नवऱ्याच्या वाटची सगळी वाचा देवाने तिलाच दिली असावी.

"बाई, त्याहिच्या डोक्शाले मांगून खूण आहे," ती म्हणाली. "बोटभर. केसात दिसत नाही. तेल लावून देताना माह्या हाताले लागली. विचारलं तर म्हणे, लहानपणी आंब्यावरून पडलो."

"मग?"

"मंग मी सासूले विचारलं. सासू म्हणे, कायचा आंबा? हा पोट्टा झाडावर चढाले भेत होता."

मला हसू आवरेना. तीही हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. जाताना म्हणाली, "मी विचारलं तर सांगत नाही. तुमी सरकारकडून विचारा."

सुदामला पुन्हा बोलावलं. "लहानपणी आंब्यावरून पडला होतात?" "हो जी." "तुमची आई म्हणते तुम्ही झाडावर चढायला भीत होता." त्याचे कान लाल झाले. मग तो उठून सावधान उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मी शब्द देऊन बसलो आहे." सावधान उभ्या राहिलेल्या माणसाकडून काही काढून घेणं अशक्य असतं. मी मेजरसाहेबांकडे गेले. त्यांनी त्याला खोलीत नेऊन दार लावलं.

बऱ्याच वेळाने अर्धी हकिकत बाहेर आली. उत्तरेकडच्या डोंगरी रस्त्यावर सुदाम सामानाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी ड्यूटीवर होता. ड्रायव्हरचा डोळा लागला आणि गाडी कड्यावर घासली. सुदामचं डोकं मागच्या लोखंडी पट्टीवर आपटून फुटलं. अपघात वर कळवला असता तर ड्रायव्हरला शिक्षा झाली असती. म्हणून बरोबरच्यांनी ठरवलं, की काही झालंच नाही. पत्रा ठोकून सरळ केला. दवाखान्याच्या एका शिपायाने तंबूतच टाके घातले. सुदामने शब्द दिला, मी कुठे बोलणार नाही. झटके सुरू झाले ते नंतर कितीतरी महिन्यांनी, आणि तेव्हाही डॉक्टरांनी विचारल्यावर त्याने सांगितलं, डोक्याला कधी काही लागलं नाही.

"असं चालतं," मेजरसाहेब मला म्हणाले. "घरातलं घरात ठेवतात. आम्हाला कळायचं, पण आम्ही न कळल्यासारखं करायचो. चांगली पलटण म्हणतात ती अशीच असते." हे ते खाली बघत म्हणाले.

"ड्रायव्हर कोण?"

"ते सांगत नाही."

मी सुदामला बाहेर गाठून विचारलं, अगदी हात जोडायचे बाकी ठेवले. तो म्हणाला, "तो आता सुखानं संत्र्याची गाडी चालवून राहिला. त्याच्या पोटावर काहून पाय देऊ, बाई?"

आमच्या जिल्ह्यात संत्र्याची गाडी म्हटली की माणूस काटोलकडचा निघण्याची शक्यता फार. पण मी काही बोलले नाही. अपील मुदतीत दाखल करून टाकलं. मात्र साक्षीदाराशिवाय ते लंगडं होतं. घरी गेल्यावर मार आठवलेले अर्जदार दिल्लीवाल्यांनी पुष्कळ पाहिले असणार.

आमच्या ऑफिसचे तालुक्याच्या गावी दौरे असत. माजी सैनिक एका ठिकाणी जमत, आपापल्या तक्रारी सांगत, साहेब ऐकून घेत, मी टिपून घेत असे. काटोलचा दौरा संत्र्यांच्या हंगामात आला. एका शाळेच्या व्हरांड्यात बैठक होती. पलीकडे बाजार, गवतात संत्री भरून पेट्या ठोकण्याचा आवाज चाललेला. सगळ्यांची कामं झाल्यावर मी उभी राहिले. कारकून बाईने उभं राहून बोलायची रीत नव्हती. मेजरसाहेबांनी मान हलवली, तेव्हा मी बोलले.

"तुमच्यातलाच एक जण आहे, कुहीकडचा. ट्रकमध्ये त्याचं डोकं फुटलं होतं. ते कोणी लिहून ठेवलं नाही. आता त्याला मिरगीचे झटके येतात. सरकार म्हणतं आजार त्याच्या अंगातलाच आहे, म्हणून सासऱ्याने बायकोला घरी ठेवून घेतलंय. ती गरोदर आहे. त्या वेळी जे बरोबर होते त्यांनी, मार लागला होता, एवढंच येऊन सांगायचं आहे. त्याने कोणाचंही नाव घेतलेलं नाही आणि तो घेणारही नाही."

सगळे आपल्या चपलांकडे बघत राहिले. मी खाली बसले. कोणीतरी उठेल असं मला फार वाटलं होतं, आणि आपण उगाच चार लोकांत तोंड उघडलं असं झालं.

आम्ही जीपमध्ये बसणार तेवढ्यात एक जाडजूड माणूस संत्र्यांची थैली घेऊन आला. थैली माझ्या हातात दिली, पण हात थैलीवरून काढेना.

"तितरमारे का?" त्याने विचारलं.

"मी नाव सांगितलं नाही."

"सुदामच असन. दुसरा कोणी एवढा हट्टी नाही." मग म्हणाला, "मी वासुदेव रेवतकर. गाडी मी चालवून राहिलो होतो."

हा रेवतकर एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होता. लष्करात एवढी वर्षं गाडी चालवून एकही अपघात केला नाही, असं प्रमाणपत्र त्याला मिळालेलं होतं, आणि ते व्यापाऱ्याने काचेत बसवून दुकानात टांगलं होतं. आमचा माल फुटत नाही, हे पाहा ड्रायव्हरचं सर्टिफिकेट, असं तो गिऱ्हाइकांना दाखवी. काटोलच्या बाजारात रेवतकरचा रुबाब त्या काचेवर होता.

"मी लिहून दिलं तर काय होईन?" त्याने मेजरसाहेबांना विचारलं.

"सरकार आता उकरून काढेल असं मला वाटत नाही," साहेब म्हणाले. "पण छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. आणि तुझ्या मालकाचं मी काय सांगू?"

"पाहतो," रेवतकर म्हणाला आणि निघून गेला. पाहतो म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. परतीच्या वाटेवर मी त्याची संत्री खाल्ली नाहीत, जीपच्या ड्रायव्हरला देऊन टाकली.

आणि मी साफ चुकले. पंधरवड्याच्या आत तो ऑफिसात हजर झाला. धुतलेले कपडे, तेल लावून चापून बसवलेले केस. म्हणाला, घ्या लिहून. तो सांगत गेला, मी टाइप करत गेले. डोळा कसा लागला, गाडी कुठे घासली, रक्त थांबत नव्हतं तेव्हा आपला पटका कसा बांधला, सगळं. सही करून त्याने पेन टेबलावर ठेवलं.

"त्याले मिरगी येते हे मले माहीतच नव्हतं, बाई," तो म्हणाला. "दर दिवाळीले त्याचं कार्ड येते. लिहिते, ठीक आहे."

त्यानंतर दिल्ली. दिल्लीने आधी पोच दिली, मग एक कागद मागितला, मग तोच कागद पुन्हा मागितला. मी स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं पाठवली. मला सारखी सुमन दिसायची, बापाच्या ओसरीवर बसलेली, कडेला पोर. ती बाळंत झाली असणार हे हिशेबाने कळत होतं. माझं स्वतःचं पोर तेव्हा लहान होतं. रात्री त्याला थोपटताना सुदामचं मूल डोळ्यांपुढे यायचं. एका स्मरणपत्रात तर मी अर्जदाराचं कुटुंब मोडायच्या बेतात आहे असं लिहिलं. सरकारी पत्रात असं लिहीत नसतात. मेजरसाहेबांनी वाचलं, चष्मा पुसला आणि सही केली.

शेवटी हुकूम आला. सुदामला नव्या बोर्डापुढे तपासायचं, डोक्याची क्ष-किरण तपासणी करायची, साक्षीदार बोलवायचा. मी सुदामची तालीम घेतली. आठवडाभर घेतली म्हणा ना. शेवटी शेवटी तो व्हरांड्यात मला नीट सांगायला लागला, झटका येण्याआधी कसं होतं, नंतर काय आठवत नाही. मी खूश होते.

लष्करी दवाखान्यात मीही बरोबर गेले. खोलीचं दार उघडं होतं, मी आणि रेवतकर बाहेरच्या बाकावर. आत पिकल्या केसांचे एक कर्नल डॉक्टर आणि आणखी दोघं. सुदाम आत गेला, ताठ उभा राहिला.

"कैसे हो?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"ठीक हूँ, साहेब."

"कोई तकलीफ?"

"नहीं, साहेब."

मी डोळे मिटून घेतले. एवढी मेहनत, एवढी पत्रं, आणि हा माणूस दोन वाक्यांत सगळं पाण्यात घालवून मोकळा झाला. तेवढ्यात माझ्या शेजारचा बाक हलला. रेवतकर उठून दारात जाऊन उभा राहिला होता.

"साहेब, ये झूठ बोल रहा है," तो शांतपणे म्हणाला. "उस दिन भी इसने झूठ ही बोला था, मेरे वास्ते. गाडी मैं चला रहा था."

कर्नलसाहेबांनी दोघांकडे पाहिलं. रेवतकरला आत घेतलं, दोघांना खुर्च्या दिल्या. मग सुदामला म्हणाले, "अब सच बोलो. ये हुक्म है."

आणि सुदाम बोलला. हुकूमच मिळाला म्हटल्यावर त्याने काही मागे ठेवलं नाही. जीभ चावली जाते ते सांगितलं. झटक्यात चुलीवर हात पडून भाजला होता, तो दाखवला. विहिरीवर एकटा जात नाही, धान कापायला लोक बोलवत नाहीत, आणि आपलं मूल हातात घ्यायची भीती वाटते, हेही सांगितलं. मी बाहेर पदराने डोळे पुसत होते आणि मनात चरफडत होते, की इतके महिने मी या माणसाच्या विनवण्या केल्या, मला नुसता हुकूम द्यायचं कसं सुचलं नाही?

मूल हातात घ्यायची भीती, हे वाक्य तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

पुन्हा वाट पाहणं. मग एक दिवस टपालात ते पत्र आलं. अपील मंजूर. आजार लष्करी सेवेत डोक्याला झालेल्या दुखापतीमुळे, पेन्शन चालू करावी. मी ते उभ्यानेच वाचलं आणि खुर्चीवर बसले. छातीवरचं ओझं उतरणं म्हणतात ते मला त्या दिवशी खरंच शरीरात जाणवलं. लगेच सुदामला कार्ड टाकलं, सासऱ्यांना घेऊन या. म्हाताऱ्याला कसं समजावून सांगायचं ते मी मनात घोळवून ठेवलं होतं.

सुदाम आला, पण सासरा नव्हता. सुमन होती आणि तिच्या कडेवर गुटगुटीत पोरगा, बापाची टोपी चावत असलेला.

"अगं, तुला पाठवलं का वडिलांनी?" मी विचारलं. "कधी आलीस?"

"मले येऊन तर लय दिवस झाले जी," ती म्हणाली. "हा झाला तोच सासरी."

झालं होतं असं. साक्ष लिहून दिल्यावर रेवतकर आमच्या ऑफिसातून काटोलला गेलाच नव्हता. तो कुहीची बस धरून विचारत विचारत सुमनच्या माहेरी पोचला आणि अंगणात उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, तुमच्या जावयाचं डोकं माझ्या हातून फुटलं, रक्ताचा काही संबंध नाही. म्हातारा उठला आणि म्हणाला, गाडी जुपतो.

"मी म्हटलं, बैल दावणीतून निघेपर्यंत मी पोचतो," सुमन म्हणाली. "गाठोडं बांधूनच ठेवलं होतं."

रेवतकरने मालकालाही आपण होऊन सांगितलं होतं, हे सुदामकडून कळलं. मालक म्हणाला म्हणे, माझी संत्री तर कधी चेपली नाहीत, मला तेवढं पुरे.

मी ऐकत होते आणि माझा पारा चढत होता. जिच्यासाठी मी रात्री जागत होते, ती मजेत नांदत होती. "मग मला का नाही सांगितलंत?" मी सुदामला विचारलं. सुदामने सुमनकडे पाहिलं.

"मीच म्हटलं नका सांगू," ती म्हणाली. "बाईले समजलं का पोट्टी नांदायले गेली, तर बाईचा जोर कमी होईन."

मग मी जी हसत सुटले, की मेजरसाहेब खोलीतून बाहेर आले. त्यांना सांगितल्यावर तेही हसायला लागले. पोरगं आमच्याकडे बघून घाबरलं आणि रडू लागलं. सुदामने त्याला पटकन घेतलं, आणि घेतल्यावर खुर्चीवर नीट बसला, पाठ टेकवून, दोन्ही हात त्याच्याभोवती. तसं बसायचं सुमनने शिकवलं होतं.

"सासऱ्यांची समजूत पटली होती, तर हे पत्र कशाला हवं होतं तुला?" मी सुमनला विचारलं. "नुसत्या पेन्शनसाठी?"

"पेन्शन तर पाहिजेच जी," ती म्हणाली. "पण बाबाले रेवतकरभाऊचा शब्द पुरला. उद्या हा मोठा होईन. याच्या लग्नाच्या टायमाले पोरीचा बाप विचारीन, घरात मिरगी आहे म्हणते. तवा रेवतकरभाऊले कुठं शोधाचं? सरकारनं लिहिलं होतं, अंगातली आहे. आता नाही म्हणून सरकारनंच लिहिलं पाहिजे." मग तिने पत्र उलटून पाहिलं आणि माझ्यापुढे परत ठेवलं. "पण हे तर इंग्रजी आहे. असं लिहून द्या, का कोणालेही वाचता येईन."

ऑफिसात मराठी टाइपरायटर नव्हता. मी एक कोरा कागद घेतला आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं, की सुदाम तितरमारे यांचा आजार सरकारी नोकरीत डोक्याला मार लागल्यामुळे झालेला आहे, तो त्यांच्या घराण्यातला नाही, त्यांच्या मुलाबाळांचा त्याच्याशी काही संबंध नाही. शेवटचा भाग दिल्लीच्या पत्रात नव्हता. तो मी माझ्या मनाने घातला. असं प्रमाणपत्र देण्याचा आमच्या ऑफिसला कुठल्याच नियमाने अधिकार नव्हता, आणि हे मेजरसाहेबांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला, सही केली आणि शिक्का मारला. शिक्का जरा फिका उठला, म्हणून त्यांनी पॅडवर शाई घालून दुसरा मारला.